उफराटे तर्कपीठ आणि तीन पाट्या

हॉल खच्चून भरला होता. खाली फर्निचरचं गोदाम, वर हा लांबट हॉल, आणि जिन्यापासून वरपर्यंत पॉलिशचा उग्र वास. प्लास्टिकच्या खुर्च्या संपल्या तशी माणसं भिंतीला टेकली, भिंत संपली तशी खिडक्यांच्या कठड्यांवर चढली. पंखे गरगर फिरत होते, पण वारा कोणाच्या घरी जात होता कोण जाणे. एवढ्या गर्दीत कोणी खोकतसुद्धा नव्हतं. समोर आचार्यांनी डोळे मिटले होते, आणि आचार्यांनी डोळे मिटले की खोकणं म्हणजे अपमान.

त्यांच्यापुढे बेकरीवाला खाली मान घालून उभा होता. त्याने आत्ताच विचारलं होतं, बेकरी विकू का? प्रश्न असाच विचारायचा, असा तिथला नियम. होय किंवा नाही यांत मावेल एवढाच. आणि एका संध्याकाळी एकच, कारण जास्त विचारले तर पीठ थकतं म्हणे.

"माणूस आधी प्रश्न विचारतो आणि मग उत्तर शोधत वणवण फिरतो," आचार्य मिटल्या डोळ्यांनी बोलू लागले. "आपल्या उफराट्या तर्कपीठात उत्तर आधी असतं. प्रश्न ही त्याची नुसती सावली. बेकरीवाले, तुम्ही जिना चढत होता ना, तेव्हाच तुमचं उत्तर इथे तुमची वाट बघत बसलं होतं."

मग ते उठले. मागच्या भिंतीवर एका गृहस्थांचा मोठा फोटो होता. आचार्यांनी फोटोच्या चौकटीमागे हात घातला आणि एक काळी पाटी बाहेर काढली. पाटीवर खडूने ठसठशीत लिहिलं होतं, "होय".

हॉलभर एक सुस्कारा गेला. बेकरीवाल्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. हा प्रश्न त्याने बायकोलासुद्धा सांगितला नव्हता, हे तो शेजारच्याला पुन्हा पुन्हा सांगत होता. ते खरंही होतं. पाटी आधीच लिहिलेली होती हेही खरं. सगळं डोळ्यांदेखत झालं होतं, मग खोटं कसं म्हणणार?

पहिल्या रांगेत बसलेला दादा रुमालाने डोळे पुसत होता. शेवटच्या रांगेत त्याची बहीण हाताची घडी घालून बसली होती. शाळेत भूमिती शिकवते म्हणून गल्लीत सगळे तिला भूमितीच्या बाई म्हणत. बाईंचं लक्ष पाटीकडे नव्हतं, फोटोकडे होतं. फोटोतल्या माणसाचा चष्मा जरा तिरका होता आणि आत्ता काहीतरी खोडसाळ बोलेल असा त्याचा चेहरा होता. खाली पितळी पट्टीवर कोरलं होतं, "सहावे आचार्य".

ते बाईंचे वडील होते.

आता हे पीठ आलं कुठून, ते आधी सांगायला हवं. ते आलं बुटांच्या पॉलिशमधून. थट्टा नाही. बाईंचे वडील कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचे. रविवारी सकाळी ते वर्तमानपत्र पसरून घरातले सगळे बूट रांगेने मांडायचे, दोन्ही मुलांना शेजारी बसवायचे आणि ब्रश मारता मारता उफराट्या तर्कपीठाचा इतिहास सांगायचे. असं पीठ पृथ्वीच्या पाठीवर कुठे नव्हतं, आणि ते होतं असं त्यांनी कधी भासवलंही नाही.

पीठाचे पहिले आचार्य जन्मले तेच मुळी "होय" म्हणत. शिष्यांनी सारा जन्म त्या उत्तराचा प्रश्न शोधण्यात घालवला. शेवटी आचार्य मरायला टेकले तेव्हा एकाने विचारलंच, गुरुदेव, प्रश्न काय होता हो? आचार्य म्हणाले, कुठला? आणि गेले. दुसऱ्या आचार्यांनी एका विहिरीशी वाद घातला. ते जे बोलत ते विहीर परत बोले आणि शेवटचा शब्द नेहमी तिचाच. आचार्य हरले, विहिरीला गुरू केलं, आणि शिष्य एकेक करून उपदेश घ्यायला आत उतरले. तिसऱ्या आचार्यांनी नदीवर पूल नाही असं सिद्ध केलं आणि सरळ पाण्यात पाय टाकला. पूल शेजारीच होता. पीठाच्या दप्तरी नोंद झाली की वादात नदी हरली. चौथ्यांच्या काळात पीठात फूट पडली. एक गट म्हणे फूट पडली आहे, दुसरा म्हणे पडलेली नाही, आणि दोन्ही गट एकाच खोलीत, एकाच ताटात जेवत. पाचव्या आचार्यांनी तर आपण स्वतःच नाही असं सिद्ध केलं. तेव्हापासून त्यांना कोणी जेवायला वाढेना. त्यांनी तक्रार केली नाही. तक्रार करायला ते होते कुठे?

मुलं हसून हसून आडवी व्हायची. मग बाबा ब्रश खाली ठेवायचे, हात पुसायचे आणि म्हणायचे, "हसलात ना? आता सांगा, यात गोम कुठे आहे?"

खरा धडा तो होता. बाकीचं सगळं पॉलिश. धाकटी लेक लगेच सांगून मोकळी व्हायची आणि बाबा तिच्या पाठीवर पॉलिशचा हात थोपटायचे. दादा वयाने मोठा, पण त्याचं डोकं सावकाश चाले. हातात बूट घालून तो विचार करत बसे, आणि तो तोंड उघडणार इतक्यात बहिणीने सांगून टाकलेलं असे. बाबा त्याला कधी वाईट बोलले नाहीत. चांगलं बोलायची वेळ मात्र कधी आली नाही.

तेव्हा माळ्यावर एक भाडेकरू राहायचा. आपला एकुलता एक बूटजोड घेऊन तोही खाली यायचा आणि बाबांच्या प्रत्येक वाक्याला होय, होय करायचा. बाबांनी त्याचं नावच होयबा ठेवलं होतं. सगळा इतिहास त्याने मन लावून ऐकला, पोट धरून हसला, आणि एक दिवस गाद्या विकण्याच्या कंपनीत लागून निघून गेला. पुढे बाबा वारले. त्यानंतर वर्षभरात होयबा परत आला तो कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घालून आणि दाढी वाढवून. दादाच्या घरी बाबांच्या फोटोसमोर बसून ढसाढसा रडला. म्हणाला, तुमचे वडील सहावे आचार्य होते. माळ्यावर त्यांनी मला विद्या दिली. सातवा मी.

आणि दादाने विश्वास ठेवला! जगात दुसऱ्या कोणी ठेवला असता तर एक वेळ समजून घेता आलं असतं. पण ज्याने हा विनोद स्वतःच्या कानांनी, स्वतःच्या बापाच्या तोंडून ऐकला होता, त्याने ठेवला. बाई तर आधी हसल्याच. अरे, बाबा थट्टा करायचे, त्या म्हणाल्या.

"थट्टा हे वरचं साल," दादा शांतपणे म्हणाला. "खरी वस्तू कोणी उघड्यावर ठेवतं का? बाबांनी ती हसण्यात गुंडाळून दिली. तू साल खाल्लंस, धाकटे. हुशार ना तू."

आता यावर काय बोलायचं? थट्टा होती म्हणावं तर तोच पुरावा. नव्हती म्हणावं तर प्रश्नच मिटला. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय. आणि दादाचा धंदा तरी काय, तर इमारतींमधल्या लिफ्ट तपासायचा. दोर, ब्रेक, दार, सगळं स्वतःच्या हाताने ओढून, ढकलून बघितल्याशिवाय तो सही करत नसे. मालकांनी चहापाणी विचारलं तरी तोंडात थेंब घ्यायचा नाही. असा माणूस एका पाटीपुढे रडतो, याला काय म्हणावं? बाईंना तरी एकच कळत होतं. त्या हॉलमध्ये दादा पहिल्या रांगेत बसत होता, सहाव्या आचार्यांचा थोरला मुलगा म्हणून लोक उठून त्याला जागा देत होते, आणि गोम कुठे आहे असं तिथे त्याला कोणी विचारत नव्हतं.

तेवढ्यावर भागलं असतं तर बाईंनी कपाळावर हात मारून सोडूनही दिलं असतं. पण मध्ये वहिनीच्या डोळ्यांचा प्रश्न आला.

वहिनी घरी शिवणकाम करते. शाळांचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे, काज-बटणं. तिला काचबिंदू होता. डॉक्टरांनी रोज सकाळ-संध्याकाळ डोळ्यांत थेंब घालायला सांगितलं होतं आणि बजावलं होतं की यात खंड पडता कामा नये. थेंब चुरचुरत. ती तोंड फिरवायची, आणि दादा तिचं डोकं धरून घालायचा. मग एके संध्याकाळी दादाने हॉलमध्ये उभं राहून विचारलं, हिने थेंब घालत राहावं का? त्या दिवशी आचार्यांनी दोरी सोडून छताला टांगलेली लाकडी पेटी खाली घेतली. पेटीतल्या पाटीवर होतं, "नाही". आचार्यांनी वर प्रवचनही दिलं. म्हणे आजार म्हणजे एक गृहीतक. गृहीतक मागे घ्या, वरची इमारत आपोआप कोसळते. लिफ्ट तपासणाऱ्या माणसाला हे वाक्य फार आवडलं.

बाईंना हे कळलं तोवर बरेच महिने गेले होते. एकदा वहिनी दाराच्या चौकटीला खांदा आपटून गेली. दुसऱ्यांदा तिने कात्री शोधत सगळं टेबल चाचपलं, आणि कात्री समोरच होती. विचारल्यावर सगळं बाहेर आलं. बाईंनी त्याच पावली डॉक्टरांकडे चला म्हणून हट्ट धरला. पण वहिनीने मशीनचं चाक हाताने थांबवलं आणि मान हलवली.

"वन्सं, थेंब घालत होते तेव्हा काही फरक कळत नव्हता. बंद केले तरी कळत नाही. दुखत नाही, खुपत नाही. मग तुमच्या दादांचा शब्द मोडून घरात कशाला आग लावू?"

तोच तर त्या आजाराचा दगा आहे. तो दुखत नाही. कडेकडेने नजर कुरतडत येतो, आणि माणसाला वाटतं दारच जरा अरुंद झालंय. बाईंनी डॉक्टरांचं बोलणं सांगितलं, समजावलं, रागावल्या, शेवटी रडल्या. वहिनी दादाशिवाय हलेना, दादा पाटीशिवाय हलेना. म्हणजे आता पाटीलाच हात घालणं आलं. म्हणून भूमितीच्या बाई त्या पॉलिशच्या वासात, शेवटच्या रांगेत येऊन बसू लागल्या.

पहिले काही दिवस त्यांना काहीच उमगलं नाही. विचारणारे आचार्यांचे हस्तक असावेत म्हणावं, तर बेकरीवाला त्यांच्या गल्लीतला, साधा, रडवा माणूस. पाटीवर मागाहून लिहीत असतील म्हणावं, तर हातात खडू नाही, वेळ नाही. पाटी कधी फोटोमागून निघे, कधी पेटीतून, कधी आचार्यांच्या बैठकीच्या गादीखालून. लोकांना त्याचंही कौतुक. उत्तर आपली जागा आपण निवडतं म्हणे!

आणि इथेच बाईंच्या डोक्यात काहीतरी टोचलं. बेकरीवाल्याचं "होय" फोटोमागून निघालं होतं. त्याच्या आधीचं "होय"? तेही फोटोमागूनच. दादाचं "नाही" पेटीतून. पुढच्या वेळी आचार्यांचा हात पेटीच्या दोरीकडे गेला तशा बाई मनात म्हणाल्या, आता "नाही". पाटी निघाली, "नाही". त्याच्या पुढच्या वेळी हात गादीखाली गेला. तिथून निघालं, "प्रश्न सोडा". मग काय, प्रत्येक वेळी पाटी दिसायच्या आधी बाईंना उत्तर ठाऊक असायचं, आणि एकदाही चुकलं नाही. जागेवरून उत्तर ठरतंय, म्हणजे प्रत्येक जागेत तिचं उत्तर कायमचं बसलेलं आहे. फोटोमागे होय, पेटीत नाही, गादीखाली प्रश्न सोडा. आचार्य फक्त कुठे हात घालायचा ते ठरवतात, आणि उरलेल्या दोन पाट्या कोणी बघायलाच जात नाही. संध्याकाळी एकच प्रश्न का, तेही कळलं. दुसरा विचारला आणि त्यालाही तेच उत्तर द्यायचं झालं, तर पुन्हा तीच पाटी त्याच जागेतून काढावी लागेल.

इतकी सोपी गोष्ट! बाईंना हसू आलं, पण ते टिकलं नाही. कारण असल्या सोप्या गोष्टीपायी वहिनीची नजर चालली होती.

पुढच्या सभेला बसचा कंडक्टर उभा राहिला. त्याला बदली मागू का ते विचारायचं होतं. आचार्यांनी डोळे मिटले, प्रवचन झालं, फोटोमागून "होय" निघालं, सुस्कारा उमटला. तेवढ्यात बाई शेवटच्या रांगेतून उठल्या. वाटेतल्या पायांवर पाय देत पुढे गेल्या, कोणी अडवायच्या आत त्यांनी दोरी सोडून पेटी खाली घेतली आणि आतली पाटी वर धरली. "नाही". मग आचार्यांच्या बैठकीची गादी उचलली. "प्रश्न सोडा".

"उत्तर आधीच होतं हे अगदी खरं आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी दोन्ही पाट्या लोकांकडे फिरवल्या. "फक्त तिन्ही आधीच होती. हे तुम्हाला एक दाखवतात आणि दोन दडवतात. आमच्या घरातल्या माणसाचे डोळे याच्यापायी चाललेत. आता तरी बघा."

दादाचा चेहरा पांढराफटक पडला. बेकरीवाल्याने आ वासला. बाईंना वाटलं, सुटलो. आता कोणीतरी उठेल, शिव्या देईल, खुर्च्या ढकलेल. ते क्षणभर वाटणं त्या अजून विसरलेल्या नाहीत.

होयबा हसला. उठला, बाईंपुढे कमरेत वाकला आणि लोकांकडे वळला.

"लेक कोणाची आहे! सर्व उत्तरं आधीच असतात हे पीठ सांगतं ना? मी आजवर एकच दाखवत होतो, कारण तुमची तयारी नव्हती. सहाव्या आचार्यांच्या लेकीने आज तिन्ही दाखवली."

आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

बाई दोन्ही हातांत पाट्या धरून उभ्याच राहिल्या. लोक पुढे येऊन पाट्यांना हात लावू लागले, त्यांचा हात हातात घेऊ लागले. बाईंनी बेकरीवाल्याला धरलं. अहो, तुमच्यासाठीसुद्धा "नाही" तिथेच पडलं होतं, असं त्याला समजावलं. तो डोळे विस्फारून म्हणाला, "पण मला होयच आलं ना बाई. तीनांतून नेमकं होय. चमत्कार म्हणतात तो हाच." त्याने बेकरी विकून टाकली होती. आता त्याला दुसरं काही मानणं परवडणारच नव्हतं, हे बाईंच्या जरा उशिरा लक्षात आलं.

घरी येताना दादा झपाझप पुढे चालत होता. बाईंना आशा होती, तो चिडला असेल. चिडलेल्या माणसाशी भांडता तरी येतं. पण घरात शिरल्या शिरल्या दादा वहिनीला म्हणाला, आज हिने बाबांचं नाव राखलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. बाई खुर्चीत बसल्या. मार खाल्ला असता तर बरं वाटलं असतं.

वहिनी चहा घेऊन आली. तिने कप टेबलावर ठेवला तो टेबलाच्या कडेबाहेर. कप फुटला, चहा फरशीवर पसरला. वहिनी ओशाळून खाली बसली आणि तुकडे चाचपू लागली. दादा म्हणाला, अगं, बघून ठेवत जा.

बाईंनी वहिनीचे हात तुकड्यांवरून बाजूला केले, फडक्याने फरशी पुसली, आणि मग दादाला विचारलं, तू लिफ्टवर सही कधी करतोस? स्वतः वरखाली जाऊन आल्यावर, तो म्हणाला. मालक म्हणाला लिफ्ट झकास चालते, तर? मालक म्हणणारच, तो म्हणाला.

"मग इथे एकदा वरखाली जाऊन ये," बाई म्हणाल्या. "पाटी नको, डॉक्टर नको, मीसुद्धा नको. तुझं बोट आणि वहिनीचा डोळा, बस."

आधी त्यांनी दादाला समोर बसवलं. एक डोळा झाकायला लावला, माझ्या नाकाकडे बघत राहा म्हणाल्या, आणि कडेकडून बोट हलवत आत आणलं. दिसलं की सांगायचं. दादाला सगळीकडून लगेच दिसलं. हे असं दिसायला हवं, लक्षात ठेव, बाई म्हणाल्या आणि उठून खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

दादा वहिनीसमोर बसला. तिने उजवा डोळा झाकला. दादाने वरून बोट आणलं. ती गप्प. बोट कपाळाच्या रेषेत आलं, भुवईपाशी आलं. ती नवऱ्याच्या नाकाकडे बघत शांत बसली होती. आणताय ना बोट, तिने विचारलं. दादाने पुन्हा आणलं. मग नाकाच्या बाजूने आणलं. मग डोळा बदलला. तिने अंदाजाने दिसलं म्हणू नये म्हणून तो मध्येच हात खाली घेई आणि पुन्हा सुरुवात करी. लिफ्टचा दोर तपासताना करतो तसं सगळं त्याने नीट, न चुकता केलं. शेवटी तो बोट तसंच हवेत धरून बसून राहिला. बोट तिच्या भुवईसमोर होतं आणि ते तिला दिसत नव्हतं.

"सांगा की," वहिनी म्हणाली. "झालं का?"

दुसऱ्या दिवशी तिघं डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी यंत्रावर दोन्ही डोळे तपासले. डॉक्टर ओरडल्या नाहीत, त्यांनी टोमणे मारले नाहीत. गेलंय ते परत येणार नाही, एवढंच म्हणाल्या. उरलंय ते राखता येईल. थेंब आजपासून, आणि आता जन्मभर. बाई म्हणाल्या, ऑपरेशन, चष्मा, काहीतरी असेल. डॉक्टरांनी पुन्हा तेच वाक्य सांगितलं. दुसरं वाक्य त्यांच्याजवळ नव्हतं.

वहिनी आत थेंब घालून घेत होती. बाहेर बाकावर दादा आणि बाई. दादा बोलू लागला.

"तू पाट्या शोधल्यास. पण कुठे हात घालायचा ते तो कसं ठरवायचा, ते नाही शोधलंस."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं.

"त्याचे डोळे मिटलेले नसतात, धाकटे. अर्धे उघडे असतात. मी पुढेच असायचो, मला दिसायचं. तो विचारणाऱ्याचं तोंड वाचतो आणि त्याला जे हवं ते काढून देतो. मला 'नाही' हवं होतं. रोज ते डोकं धरायचं, ती कळवळायची, मला नको झालं होतं. तेवढं त्याने वाचलं." दादाने आतल्या दाराकडे पाहिलं. "गोम ही होती. तिच्या डोळ्यांचा प्रश्न, आणि उत्तर माझ्या कंटाळ्याचं."

जन्मात पहिल्यांदा दादाला गोम बहिणीच्या आधी सापडली होती. बाबा असते तर त्याच्या पाठीवर थाप पडली असती. बाईंनी हात उचलला, पण शाबास म्हणायला तोंड उघडेना. त्यांनी नुसताच त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि वहिनी बाहेर येईपर्यंत तसाच ठेवला.

गोष्ट इथे संपवली असती तर बरं झालं असतं. खोटं उघडं पडलं, दादाचे डोळे उघडले, चला घरी. पण तिघांनी ठरवलं की निदान बाबांचा फोटो त्या भिंतीवरून काढून आणायचा. वहिनी म्हणाली, मीही येते. दादाने तिला हाताला धरून जिना चढवला. वर दार उघडं होतं आणि आतून आवाज येत होता. हॉल पहिल्यासारखाच भरलेला. किंबहुना जास्तच, कारण तीन पाट्यांची कीर्ती पसरली होती. आता तिन्ही पाट्या समोर उघड्याच मांडल्या होत्या आणि होयबा नव्या लोकांना पीठाचा इतिहास सांगत होता. विहीर झाली, पूल झाला, फूट झाली, कोणी हसलं नाही. मग तो म्हणाला, सहाव्या आचार्यांना एक लेक होती. तिने अधिकार नसताना तिन्ही उत्तरं एकदम उघडली. ते तेज घराला सोसलं नाही, आणि तिच्या वहिनीची दृष्टी गेली.

हॉलभर सुस्कारा गेला. कोणीतरी पुटपुटलं, होय, होय.

जिन्याच्या वरच्या पायरीवर तिघं थबकले. दादाने मूठ आवळली. आत जाऊन काय करणार होता? ओरडला असता तर सातव्या आचार्यांनी त्यालाही पीठाच्या इतिहासातल्या कुठल्यातरी पानावर बसवलं असतं. बाईंना पुढे पाऊल टाकवेना, मागे घेववेना.

"पण माझी नजर तर त्याच्या किती आधीच गेली होती," वहिनी हळूच म्हणाली. "आधी काय झालं नि नंतर काय झालं, एवढंसुद्धा कोणी विचारणार नाही का, वन्सं?"

कोणी विचारलं नाही. भरल्या हॉलमधला एकही माणूस उठला नाही. तिघं फोटो न घेताच खाली उतरले, वहिनी मध्ये आणि दोन्ही बाजूंनी दोघं, कारण पायऱ्यांच्या कडा तिला आता दिसत नाहीत. सकाळ-संध्याकाळ दादा थेंब घालतो. चुरचुरलं की ती तोंड फिरवते. तो थांबतो आणि पुन्हा घालतो.

बाबा अजून त्या भिंतीवर आहेत. तिरका चष्मा, खोडसाळ चेहरा, आणि आता खाली उघड्यावर मांडलेलं ते "होय". समोर रोज नवी माणसं येऊन बसतात. त्यांतला एखादा तुमच्या घरचा असेल, एखादे तुम्हीच असाल. तेव्हा एवढंच करा. कोणी हवं तेच उत्तर हातात ठेवलं, तर रडायच्या आधी उठा आणि उरलेल्या जागा उघडून बघा. आधी काय झालं, नंतर काय झालं, ते मोठ्याने विचारा. तो फोटो विचारू शकत नाही. यात गोम कुठे आहे, हे आता तुम्हीच विचारायला हवं.